क्रेझी क्विल्टच्या एका चौकोनावर शिका हाताचे टाके

हाताचं भरतकाम शिकायला घेतलं की बहुतेक जण नमुन्याच्या कापडावर एकेक ओळ भरतात. एक ओळ साखळीची, एक हेरिंगबोनची, एक फुलीची. टाके बसतात, पण ते कापड कपाटात जातं आणि या टाक्यांचं पुढे करायचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. क्रेझी क्विल्टचा चौकोन हे मला माहीत असलेलं त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. वेड्यावाकड्या आकारांचे तुकडे एकमेकांना जोडायचे आणि प्रत्येक जोडावर भरतकाम करायचं. नक्षी छापावी लागत नाही, चित्र काढता यावं लागत नाही. शिवणीची रेघ समोर असतेच, टाका तिच्यावरून चालत जातो. शेवटी हातात जे उरतं त्याची उशी होते, पिशवी होते, भिंतीवरची फ्रेम होते.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण सगळा लेख त्याच्यावर उभा आहे. टाके थोडे शिका, पण त्यांचे थर चढवा. क्रेझी क्विल्ट पाहून नवशिक्याला वाटतं की यात शंभर प्रकारचे टाके असतील. नीट पाहिलं तर बहुतेक ठिकाणी पाच-सहाच असतात. एकावर एक, वेगळ्या रंगात, वेगळ्या जाडीच्या दोऱ्यात. श्रीमंती येते ती थरांमुळे आणि सारख्या अंतरामुळे.

हे काम मूळचं अमेरिकेतलं. १८७६ साली फिलाडेल्फियात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे जपानी दालनातल्या वस्तूंमधली असमान, डाव्या-उजव्या अंगाला सारखी नसलेली नक्षी लोकांना फार भावली, आणि इंग्लंडमधल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कचं भरतकामही तिथे मांडलेलं होतं. पुढच्या दशकात क्रेझी क्विल्टची लाटच आली. रेशीम, मखमल, रिबिनी, नेकटायचे तुकडे, सिगारच्या जुडीला बांधलेल्या रेशमी पट्ट्यासुद्धा त्यात शिवल्या गेल्या. रेशमाच्या कातरणांची पुडकी विकत मिळायची. ही पांघरुणं थंडीसाठी नव्हतीच. ती दिवाणखान्यात सोफ्यावर नाहीतर पियानोवर टाकायची, आलेल्या पाहुण्यांनी बघायची.

आपल्याकडच्या गोधडीशी याचं नातं तुकड्यांपुरतं आहे. गोधडीत धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो आणि तोच तिला धरून ठेवतो. क्रेझी क्विल्टमध्ये तुकडे एका तळकापडावर शिवलेले असतात, भरतकाम त्या दोन थरांतच राहतं आणि पाठीमागचं अस्तर सगळ्यात शेवटी लागतं. म्हणूनच हे शिकायला सोपं आहे: उलट्या बाजूच्या गाठी, आडवे गेलेले दोरे, सगळं अस्तराखाली झाकलं जातं.

कापडं गोळा करताना

तळाला मांजरपाट घ्या. आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा, कारण कोरा मांजरपाट आटतो. ९ इंचाचा चौकोन करायचा असेल तर ११ इंचाचा तुकडा कापा आणि मध्यभागी पेन्सिलने ९ इंचाचा चौकोन आखा. ही कडेची एक-एक इंचाची मोकळी जागा वाया जात नाही. भरतकामाने कापड थोडं आक्रसतं आणि कडा हाताळून हाताळून सुटतात, तेव्हा हीच जागा वाचवते. शिवाय कोणत्या शिवणीवर कोणत्या नंबरचा दोरा वापरला, हे पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवता येतं. पुढे कडा कापण्याआधी ते वहीत उतरवून घ्या.

वरच्या तुकड्यांसाठी घरात शोधा. ब्लाउज शिवून उरलेली कातरणं, खणाचे तुकडे, जुन्या साडीचा पदर, मखमलीच्या पिशवीची बाजू. पहिल्या चौकोनात निम्म्याहून जास्त तुकडे एकरंगी घ्या. फुलाफुलांच्या छापावर टाके दिसतच नाहीत आणि केलेली मेहनत हरवते. खणाची बारीक नक्षी मात्र चालते, कारण ती लांबून एकसारखी दिसते आणि तिच्यावर जाड दोरा उठून येतो.

जुन्या रेशमाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या अमेरिकन क्विल्टमधलं रेशीम आज बऱ्याच ठिकाणी उभं-उभं फाटलेलं दिसतं. रेशमातला डिंक धुतला की त्याचं वजन घटतं. ते भरून काढायला कथिलासारख्या धातूंचे क्षार त्यात मुरवत, आणि त्यांनीच पुढे धागा खाल्ला. आजीच्या साडीचा तुकडा वापरायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही तो आवडतो. पण आधी तुकडा दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून उभा, आडवा आणि तिरपा ताणून पाहा. बारीक चरचर आवाज आला, घडीवर चीर दिसली, की तो तुकडा भरतकामासाठी नाही. त्याला टाके झेपणार नाहीत. तो तसाच घडी घालून जपून ठेवा. साडीचा काठ बहुधा पदरापेक्षा मजबूत राहतो, तेवढा घेता येतो.

लाल, जांभळा, गडद निळा या रंगांवर ओला पांढरा कापूस दाबून बघा. रंग उतरला तर तो तुकडा धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून मगच घ्या. घसरणाऱ्या पातळ कापडाला, सॅटिनला किंवा जॉर्जेटला, मागून पातळ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवा. दर्जी कॉलरला लावतात त्याचाच हलका प्रकार. जरीच्या कापडावर इस्त्री थेट फिरवू नका, वर सुती रुमाल ठेवा.

लेस, रिबीन, मणी विकत घ्यायचे असतील तर मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठ पुरेशी आहे. पण पहिल्या चौकोनाला घरातलंच वापरा. एवढ्या मोठ्या बाजारात माणूस रंग निवडण्याऐवजी वस्तू गोळा करत बसतो.

तुकडे जोडणे

मधला तुकडा पाच बाजूंचा कापा, साधारण ३ इंचांचा, आणि मुद्दाम थोडा वाकडा. तो तळकापडाच्या बरोबर मध्यावर न ठेवता जरा एका अंगाला ठेवा, सुलटी बाजू वर. दुसरा तुकडा त्याच्यावर उलटा ठेवा, दोघांची एक कड जुळवून. पाव इंच आत मशीनने टीप मारा, किंवा हाताने उलटी टीप घाला. टीप तळकापडातूनही जायला हवी. मग वरचा तुकडा उलगडा, नखाने शिवण दाबा, इस्त्री करा, जादाचं कापड कापून टाका.

आता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढची बाजू घ्या. तिसरा तुकडा मधल्या तुकड्याची एक बाजू आणि नुकत्याच जोडलेल्या तुकड्याची कड, दोन्ही झाकेल इतका लांब हवा. असं फिरत फिरत आखलेल्या चौकोनाच्या बाहेर अर्धा इंच जाईपर्यंत चला. ९ इंचांच्या चौकोनाला सहा ते नऊ तुकडे भरपूर झाले. जास्त बारीक तुकडे केले तर शिवणी इतक्या जवळ येतात की टाक्यांना बसायला जागा उरत नाही.

बाहेर जाता जाता तुकडे लांब पट्ट्यांसारखे होऊ लागतात आणि चौकोन एकसुरी दिसतो. दोन लहान तुकडे आधी एकमेकांना जोडा आणि ती जोडी एकच तुकडा समजून लावा. एखादा कोपरा सरळ टिपेने झाकला जात नसेल तर तुकड्याची कड आत मुडपून वरून तुरपाई करा. ती तुरपाई दिसली तरी हरकत नाही, तिच्यावर भरतकाम येणार आहे.

लेस लावायची असेल तर हीच वेळ आहे. तिची एक कड शिवणीत दाबली की वेगळी टाचावी लागत नाही. सगळं झाल्यावर चौकोनाच्या चारी बाजूंनी मोठा कच्चा धावदोरा घाला, कडा सुटणार नाहीत.

दोरा, सुई, रिंग

सहा पदरी सुती दोऱ्याची लडी सगळीकडे मिळते. अँकर कंपनीची लडी ८ मीटरची असते. शिवणीवरच्या टाक्यांना तीन पदर घ्या, फुलं-गाठींना दोन. पदर एकत्र ओढून वेगळे करू नका. एकेक पदर वरून सरळ उपसा, आणि मग हवे तितके पुन्हा जुळवा. असं केलं की दोरा पिळत नाही आणि टाका भरीव बसतो.

माझी शिफारस मात्र अशी की पहिल्या थरासाठी पर्ल कॉटनचा ८ नंबरचा एक गोळा घ्या. हा दोरा गोल, पिळदार आणि चमकदार असतो, त्याचे पदर सुटत नाहीत. नवशिक्याच्या हाताला तो फार सांभाळून घेतो. ५ नंबर त्याहून जाड, १२ नंबर त्याहून बारीक. सुयांचंही तसंच आहे, आकडा वाढला की सुई बारीक. दोन-तीन पदरांना भरतकामाची ७ नंबरची सुई, पर्ल ८ ला ५ नंबरची. दोरा कापडातून जाताना खसखस आवाज करत असेल किंवा ओढायला जोर लागत असेल तर सुई एक नंबर जाड घ्या. सुईने केलेल्या भोकातून दोरा आरामात जायला हवा.

दोरा एका वेळी एक हातच घ्या, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण १८ इंच. लांब दोरा घेतला तर गुंता होतो, शिवाय कापडातून पुन्हा पुन्हा गेल्याने त्याची चमक जाते. जरीसारख्या धातूच्या दोऱ्याला १२ इंचच पुरे.

रिंग ६ इंचांची. आतल्या कड्यावर सुती पट्टी गुंडाळा, रेशीम घसरत नाही आणि दबतही नाही. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, मखमलीवर तर दर वेळी. मखमलीचा दबलेला लव पूर्ववत करणं अवघड असतं.

अंतर आखणे

हा सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे. नवशिक्याचं काम आणि सरावलेल्या हाताचं काम यांत पहिला फरक डोळ्यांना दिसतो तो अंतराचा. टाका साधा असला तरी चालतो, पण दोन टाक्यांमधलं अंतर एकसारखं हवं.

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, अर्ध्या इंचाची पट्टी कापा आणि तिच्यावर दर पाव इंचाला खूण करा. ही पट्टी शिवणीला लावून खुणा कापडावर उतरवा. फिक्या कापडावर पाण्याने पुसणारं निळं पेन चालतं, पण ते पुसल्याशिवाय त्यावर इस्त्री कधीही फिरवू नका. उष्णतेने ती निळी खूण कायमची बसू शकते. इस्त्रीने नाहीशी होणारी पेनंही मिळतात, पण त्यांच्या खुणा थंडीत परत उमटतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गडद कापडाला दर्जी वापरतात तो खडू किंवा पांढरी पेन्सिल घ्या. मखमलीवर खुणा नकोत, बारीक रंगीत दोऱ्याने कच्चे टाके घाला आणि मागाहून उपसा.

शिवणीची लांबी पाव इंचाने बरोबर भागली जाईलच असं नाही. खुणा दोन्ही टोकांकडून मध्याकडे आणा. मध्ये जो थोडा फरक उरेल तो चार-पाच टाक्यांत वाटून टाका. टोकाला अर्धा टाका कापला गेला तर लगेच नजरेत भरतो, मध्ये वाटलेला फरक कुणाला दिसत नाही.

तीन चालणारे टाके

पहिला थर या तिघांपैकी एकाचा असतो. कृती उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी लिहिली आहे. डावखुऱ्यांनी दिशा आरशातल्यासारखी उलटी घ्यावी.

हेरिंगबोन अनेकींनी शाळेत शिवणकामाच्या तासाला केलेला असतो. शिवण आडवी धरा. तिच्या वर आणि खाली, पाव-पाव इंचावर दोन रेघा आहेत असं समजा. खालच्या रेघेवर डाव्या टोकाला सुई वर काढा. तिरपं उजवीकडे वरच्या रेघेवर जा आणि तिथे उजवीकडून डावीकडे एक छोटा टाका उचला. मग तिरपं उजवीकडे खालच्या रेघेवर या आणि तसाच छोटा टाका उचला. हात उजवीकडे सरकतो, पण सुईचं टोक प्रत्येक वेळी डावीकडे असतं, एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही. टोकांजवळ दोरे एकमेकांना छेदतात आणि मध्ये शिवण अलगद झाकली जाते.

फेदर हा क्रेझी क्विल्टचा खरा मालक. जुन्या क्विल्टमध्ये तोच सगळ्यात जास्त दिसतो. शिवण उभी धरा, वरून आपल्याकडे काम करत या. शिवणीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उभ्या रेघा समजा, डावीकडून १, २, ३, ४. सुरुवातीला त्या खडूने आखाच. सुई २ वर बाहेर काढा. त्याच पातळीवर ४ मध्ये घाला आणि पाव इंच खाली, ३ वर बाहेर काढा. बाहेर काढताना दोरा सुईच्या टोकाखाली हवा. ओढल्यावर एक झोळी तयार होते. आता त्याच ३ च्या पातळीवर १ मध्ये सुई घाला, पाव इंच खाली २ वर बाहेर काढा, दोरा पुन्हा सुईखाली. एकदा उजवी फांदी, एकदा डावी. शेवटची झोळी एका बारीक टाक्याने खाली टाचून टाका, नाहीतर सगळी वेल सैल पडते. दोरा खेचायचा नाही. झोळी कापडावर आरामात पडली पाहिजे. जोरात ओढलं तर तिचा काटा होतो आणि कापडाला चुण्या येतात. हा टाका बसला की उजवीकडे दोन आणि डावीकडे दोन अशा फांद्या घेऊन पाहा. तेवढ्या बदलाने वेल एकदम मोकळी, डौलदार होते.

ब्लँकेट टाका काज करणाऱ्यांना नवीन नाही. शिवण आडवी, तिच्यावर डाव्या टोकाला सुई वर काढा. पाव इंच उजवीकडे आणि पाव इंच वर सुई घाला, बरोबर खाली शिवणीवर बाहेर काढा, दोरा सुईच्या टोकाखाली. याची मजा उंची बदलण्यात आहे. लहान, मध्यम, उंच, मध्यम, लहान असे पाच हात केले की शिवणीवर टेकड्यांची रांग उभी राहते. पहिल्यांदा शिकताना पाव इंच अंतर हवंच, पण टेकड्या करताना ते निम्मं केलं तर जास्त छान दिसतं.

प्रत्येक टाका आधी वेगळ्या चिंधीवर पाच-सहा इंच घालून बघा. चौकड्यांचं कापड असेल तर उत्तम, चौकटी स्वतःच अंतर सांगतात.

वर चढणारे टाके

दुसऱ्या-तिसऱ्या थराला तीन पुरतात. सरळ टाका, म्हणजे एका भोकातून वर आणि दुसऱ्यातून खाली, यात सांगण्यासारखं काही नाही.

लेझी डेझी म्हणजे साखळीचं एकच सुटं घर. सुई वर काढा, त्याच जागी परत घाला, पाकळीच्या लांबीइतकी पुढे बाहेर काढा, दोरा टोकाखाली. हलकेच ओढा आणि पाकळीच्या टोकावर बारीक टाका घालून ती टाचा. तीन पाकळ्यांची कळी होते, पाचांचं फूल, एकट्या पाकळीचं पान.

फ्रेंच नॉटने पुष्कळजण धास्तावतात. सगळं कौशल्य डाव्या हातात आहे. सुई वर काढा, दोरा डाव्या हाताने ताणून धरा, सुईभोवती दोनदा गुंडाळा, आणि आधीच्या भोकाला लागून पण त्याच भोकात नव्हे, अशी सुई घाला. त्याच भोकात घातली तर गाठ आरपार मागे जाते. सुई ओढून घेईपर्यंत डाव्या हातातला ताण सोडू नका, गाठ कापडाला चिकटून बसते. मोठी गाठ हवी तर वेढे वाढवू नका, दोऱ्याचे पदर वाढवा. तीन-चार वेढ्यांची गाठ कलंडते.

थर कसे द्यायचे

आता खरं काम. तुकडे ज्या क्रमाने जोडले त्याच क्रमाने शिवणी भरा. प्रत्येक नवी शिवण आधीच्या शिवणीचं टोक झाकते, त्यामुळे भरतकामही त्याच क्रमाने केलं की आधीच्या नक्षीची टोकं नंतरच्या नक्षीखाली नीट लपतात. कडेला येणाऱ्या शिवणी आखलेल्या चौकोनाच्या थोड्या बाहेरपर्यंत भरा.

रंग निवडताना दोरा शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या कापडावर ठेवून पाहा. दोन्हींवर दिसला पाहिजे. मरून मखमल आणि बाटली हिरव्या खणाच्या मध्ये मरून दोरा अर्धा बुडतो, हिरवा दुसरा अर्धा. तिथे मोहरीचा पिवळा किंवा साईचा रंग दोन्हीकडे उभा राहतो. पहिल्या थराला मध्यम रंग, शेवटच्या बारीक ठिपक्यांना सगळ्यात उजळ, असा क्रम ठेवला तर बहुधा फसत नाही.

पहिली शिवण अशी करा. मोहरी रंगाच्या पर्ल ८ ने हेरिंगबोन. मग दोन पदरी गडद लाल दोऱ्याने प्रत्येक छेदावर एक छोटा उभा सरळ टाका, छेद बांधून टाकणारा. एवढ्यानेच ती ओळ बदललेली दिसेल. आता वरच्या बाजूच्या प्रत्येक रिकाम्या कोनात फिक्या गुलाबी दोन पदरांनी तीन पाकळ्यांची लेझी डेझी. शेवटी मधल्या पाकळीच्या टोकाशी साईच्या रंगाची एक फ्रेंच नॉट. चार सोपे टाके, चार रंग. खालच्या बाजूचे कोन रिकामे सोडा, डोळ्याला विसावा हवा.

दुसऱ्या शिवणीवर हिरव्या रंगात दुहेरी, म्हणजे दोन-दोन फांद्यांचा, फेदर घ्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला जरा फिक्या हिरव्याचं एक लेझी डेझी पान, आणि दर दुसऱ्या पानाशी मणी. मणी दुहेरी दोऱ्याने, प्रत्येकातून दोनदा सुई नेऊन लावा. चौकोनाच्या आखलेल्या रेघेपासून अर्धा इंच आत थांबा. पुढे मशीनने शिवताना त्या पट्ट्यात मणी आला तर सुई तुटते.

तिसरीवर ब्लँकेटच्या टेकड्या, शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून. वरची रांग एका रंगात, खालची दुसऱ्या रंगात. सगळ्यात उंच हातावर गाठ. एवढंच.

उरलेल्या शिवणींवर याच टाक्यांची स्वतः जुळवणी करा. हेरिंगबोनच्या पोटातून दुसरा दोरा विणून काढा. फेदरच्या फांद्यांना पानांऐवजी नुसत्या गाठी द्या. एका शिवणीवर भरपूर, शेजारच्या शिवणीवर एकच साधी ओळ, असं ठेवलं तर भरपूर काम केलेली शिवण उठून दिसते. सगळ्या शिवणी सारख्याच गच्च भरल्या तर कुठलीच दिसत नाही.

टाका उसवायचा झाला तर मागून कातरीने दर इंचावर कापा आणि सुईच्या नेढ्याने दोरा उपसा. सुती कापडावरची भोकं नखाने घासली की मिटतात. रेशमावर ती राहतात, तिथे उसवण्याऐवजी वर आणखी एक थर चढवणं शहाणपणाचं.

एखादं कोळ्याचं जाळं

शिवणी भरून झाल्या की मोठ्या एकरंगी तुकड्यावर एक लहान नक्षी घालतात. जुन्या क्विल्टमध्ये पंखा आणि कोळ्याचं जाळं फार आवडीचं. जाळं शुभ मानलं जायचं. ते करायलाही सोपं आहे. तुकड्याच्या एका कोपऱ्यातून चंदेरी दोऱ्याचे पाच-सहा लांब सरळ टाके पंख्यासारखे पसरा. मग आडवे धागे थोडे झोळ देऊन ठेवा आणि जिथे ते काड्यांना भेटतात तिथे एकपदरी बारीक टाक्याने बांधा. दोन काळ्या मण्यांचा कोळी, एकपदरी सरळ टाक्यांचे आठ पाय. ज्यांना कोळी नको त्यांनी कोयरी काढावी. तिची कड साखळी टाक्याने, पोटात विखुरलेल्या गाठी. एका चौकोनाला एक नक्षी पुरे.

चौकोन पुरा करणे

रेशीम, मखमल, जरी असलेला चौकोन धुऊ नका. निळ्या पेनच्या खुणा ओल्या कापसाने टिपून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. पलंगावर जाड टर्किश टॉवेल घाला, त्यावर चौकोन पालथा ठेवा आणि मागून हलकी इस्त्री दाबा, सरकवू नका. टाके टॉवेलमध्ये रुततात, चपटे होत नाहीत.

कापण्याआधी ९ इंचांची रेघ परत मोजून आखा, भरतकामाने ती थोडी हललेली असते. शिवणीसाठी चारी बाजूंना पाव इंच धरून चौकोन साडेनऊ इंचांचा कापा. उशीचा अभ्रा करायचा असेल तर चारी बाजूंनी मखमलीची किंवा खणाची दोन इंचांची पट्टी जोडा. असे आणखी चौकोन होऊन पांघरूण करायचं ठरलं, तर चौकोन एकमेकांना जोडल्यावर त्या नव्या शिवणींवरही हेरिंगबोन किंवा फेदर घाला, म्हणजे जोड कुठे आहे ते कळत नाही. मग अस्तर लावा आणि दर तीन-चार इंचांवर मागच्या बाजूने अस्तर व तळकापड एवढंच उचलून घट्ट गाठ मारा. सुई पुढच्या रेशमात येऊ द्यायची नाही.